टू-व्हील पिकअपला फोर व्हील करायची आहे – खान्देशात कोणी केलंय का?

गोमाईकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

माझ्याकडे टू-व्हील ड्राइव्हची (इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना) डिझेल पिकअप आहे, पासिंग एमएच-३९. शहादा, तळोदा, चांदसैली घाट, धडगाव अशी नेहमीची फेरी. वर जाताना किराणा, सिमेंट, पत्रे. खाली येताना हंगामाप्रमाणे आमचूर, भगर, आंबे. डांबरीवर गाडीची काही तक्रार नाही. अडचण येते ती मुख्य रस्ता सोडून पाड्याकडे वळलं की. पावसाळ्यात मुरमाचा चढ, मग नाला, नाल्यापलीकडे परत चढ. माल उतरवून रिकामी परतताना तर जास्तच. मागची चाकं जागेवर फिरतात, गाडी हलत नाही.

दुसरं कारण हौसेचं. सातपुडा मला मनापासून आवडतो. सुट्टी मिळाली की याच गाडीने डोंगरात शिरायची इच्छा आहे.

इंजिन दणकट आहे, चेसीसला गंज नाही, कर्ज फिटलंय. विकायचं मनात नाही. ट्रान्सफर केस (जोर पुढच्या चाकांकडेही वाटणारी गिअरची पेटी), पुढचं डिफ (दोन चाकांना जोर वाटणारा ॲक्सलमधला गोळा) आणि पुढचा प्रॉपलर (डिफपर्यंत जोर नेणारा लांब शाफ्ट) जुन्या बाजारातून आणून बसवला तर जमेल का? कोणत्या गाडीचा माल बसतो? आरटीओचं काय? ज्यांनी स्वतः गाडीखाली झोपून हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

धुळेकर_१८

सोपा उपाय सांगतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत या आणि घोडा घ्या. चारही पाय चालतात, पासिंग लागत नाही, डिझेलही नाही.

बाकी धागा झकास आहे. मीही वाचत बसलोय.

वाघूरचा_वाघ

करा भाऊ, बिनधास्त करा. जळगाव-भुसावळकडे जुन्या जीपा टू-व्हीलच्या फोर व्हील झालेल्या कितीतरी बघितल्या आहेत. महिंद्राच्या कमांडर, ५४०, ५५० यांचा माल अजून मिळतो. चांगला मिस्त्री गाठा, बस.

कागदपत्र_पक्के

मिस्त्रीकडे जायच्या आधी हे वाचा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कारखान्याने गाडी जशी मंजूर करून घेतली आणि आरसीवर जे तपशील आले, त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीचं मंजूर किट, दिव्यांग व्यक्तीसाठी केलेला बदल, परवानगी घेऊन त्याच बनावटीचं इंजिन बदलणं अशा मोजक्या सवलती आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

तुमची मालवाहू गाडी आहे, म्हणजे ठरावीक मुदतीने फिटनेसला न्यावीच लागणार. गाडीखाली वाकून बघणाऱ्याला पुढचं डिफ दिसणार नाही असं होत नाही.

वाघूरचा_वाघ

साहेब, आरसीवर टू-व्हील की फोर व्हील असं कुठे लिहिलेलं असतं? माझ्या आरसीवर तरी नाही.

कागदपत्र_पक्के

तो शब्द नसेल, पण मॉडेलचं नाव असतं ना. त्या नावामागे कारखान्याने मंजूर करून घेतलेली संपूर्ण गाडी असते: ॲक्सल, वजन, ब्रेक, सगळं. उद्या घाटात अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर आला, तर तो मॉडेलच्या नावावरूनच बघतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच अडकतो. समोरच्याला कोर्टाने भरपाई दिली तरी विमा कंपनी ते पैसे नंतर मालकाकडून वसूल करायला मागे लागू शकते. गोमाईकाठ भाऊंची गाडी पोटापाण्याची आहे. म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय.

अहिराणी_कट्टा

भाऊ, बठ्ठं व्हई जाई, पन आरटीओले काय सांगशी?

लेथ_भुसावळ

कायद्याचं वर आलंय, मी त्यात पडत नाही. धागाकर्त्याने कामाबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. आमच्या शेडवर जुन्या जीपचे शाफ्ट, हब, ब्रॅकेट यांची कामं बरीच येतात. टू-व्हीलची फोर व्हील करता येते, पण "पुढचं डिफ टाकलं की झालं" इतकं ते सोपं नाही.

सुरुवात गिअरबॉक्सपासून होते. टू-व्हील गाडीच्या गिअरबॉक्सला मागे लांब शेपूट असतं, त्यातून सरळ प्रॉपलर निघतो. फोर व्हीलमध्ये तिथे ट्रान्सफर केस बसते. एक तर फोर व्हील मॉडेलचा पूर्ण गिअरबॉक्स ट्रान्सफर केससकट उचलायचा, नाहीतर ट्रान्सफर केस मागे वेगळी टांगून मधे छोटा शाफ्ट द्यायचा. वेगळी टांगली की तिच्यासाठी नवा क्रॉसमेंबर (चेसीसचा आडवा दांडा) आला, मागचा प्रॉपलर आखूड करून बॅलन्स करणं आलं, आणि क्रॉसचे (शाफ्टच्या सांध्यांचे) कोन वाढले. कोन चुकला की साठच्या वेगाला गाडी थरथरायला लागते आणि क्रॉस वरचेवर बदलावे लागतात.

आता वाघूर भाऊंनी सांगितलेल्या जुन्या जीपच्या मालाबद्दल. त्या जुन्या घडणीच्या ट्रान्सफर केसला पुढचा आणि मागचा, दोन्ही आउटपुट एका बाजूला सरकलेले असतात. म्हणून त्या जीपचं मागचं डिफसुद्धा मधोमध नसतं, बाजूला असतं. तुमच्या पिकअपचं डिफ मध्यावर असेल तर ती केस लावल्यावर मागचा प्रॉपलर तिरका जाणार. पुढेही तसंच: केसचा आउटपुट ज्या बाजूला, पुढच्या डिफचा गोळा त्याच बाजूला हवा. नाहीतर शाफ्ट इंजिनच्या खालून आडवा न्यायची वेळ येते आणि ते होत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं आहे क्राउन-पिनियनचं, म्हणजे डिफमधल्या मोठ्या आणि लहान गिअरच्या दातांचं गुणोत्तर. पुढचं आणि मागचं डिफ एकाच गुणोत्तराचं पाहिजे. समजा मागे ४१ दात आणि १० दात, म्हणजे ४.१. आणि भंगारातून आणलेलं पुढचं ३९ आणि ८, म्हणजे ४.८७५. फोर व्हील टाकलं की पुढच्या चाकांना आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरायचंय, पण ट्रान्सफर केसने दोघांना एकत्र बांधलंय. चिखलात चाकं घसरून तो फरक निघून जातो. जमीन घट्ट लागली की जो भाग सगळ्यात नाजूक, तो तुटतो.

डिफ न खोलता गुणोत्तर बघायचं असेल तर गाडी न्यूट्रल करा, मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. प्रॉपलरवर आणि टायरवर खडूने खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात प्रॉपलर किती फेरे फिरला ते मोजा. चार फेरे आणि वर थोडं आलं तर ४.१ च्या आसपास, जवळजवळ पाच आले तर ४.८८. भंगारवाल्याच्या तोंडी शब्दावर डिफ घेऊ नका.

गोमाईकाठ भाऊ, एक सांगा. तुमच्या गाडीला पुढे काय आहे? सरळ बीम आणि कमानी, की टॉर्शन बारवालं स्वतंत्र सस्पेन्शन?

केळीचा_घड

लेथ भाऊ, असा प्रतिसाद वाचला की धाग्याचं सोनं होतं. जपून ठेवतोय.

मी रावेरचा. केळीच्या बागेतून घड काढायचे दिवस पाऊस बघून ठरत नाहीत, व्यापाऱ्याची गाडी आली की काढावेच लागतात. वाफसा नसताना काळ्या रानात पिकअप घातली तर ती टू-व्हील असो की फोर व्हील, दोन्ही बसतात. फोर व्हीलवाली थोडी जास्त आत जाऊन बसते एवढंच, मग काढायला ट्रॅक्टरही जास्त आत न्यावा लागतो. आमच्याकडे पिकअप बांधावर उभी असते आणि शेतातून माल ट्रॅक्टरने येतो.

तापीची_लेक

केळीचा घड दादांच्या म्हणण्याला माझ्याकडून थोडी पुस्ती. मी मृदाशास्त्र शिकले आहे.

आपल्याकडची काळी जमीन बेसाल्टच्या खडकापासून बनलेली. तिच्यातल्या चिकणमातीत मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेलं की आकसते आणि हातभर भेगा पडतात. ओली असताना ती टायरच्या खाचांत भरते आणि सुटत नाही. चार-पाच फेऱ्यांत नवाकोरा टायर गुळगुळीत झालेला असतो. अशा वेळी दोन चाकांऐवजी चार चाकांना जोर दिला तर चार गुळगुळीत टायर फिरतात.

गोमाईकाठ दादांचा रस्ता मात्र वेगळा आहे. धडगाव भागात बहुतेक ठिकाणी मुरूम आणि दगड, वर पातळ माती. तिथे खाली घट्ट थर असतो, टायरला धरायला काहीतरी मिळतं. फोर व्हीलचा खरा उपयोग अशाच जमिनीवर होतो. तेव्हा रावेरच्या अनुभवावरून अक्राणीचा (म्हणजे धडगाव भागाचा) निकाल लावू नका, आणि अक्राणीच्या अनुभवावरून रावेरच्या रानात गाडी घालू नका.

अक्राणीकर

ताईंनी बरोबर सांगितलं. मी धडगावचाच. इथे टू-व्हील गाड्या भरपूर चालतात आणि चालवणारे तरबेज आहेत. नव्वद टक्के वेळा गाडी अडकते ती चढाच्या मध्यावर गिअर बदलायला गेल्यामुळे. पायथ्यालाच पहिला टाकायचा, माथ्यापर्यंत सोडायचा नाही आणि रेस एकसारखी ठेवायची.

दुसरं, रिकामी पिकअप. हौद रिकामा असला की मागे वजन नाही, म्हणजे चाकाला पकड नाही. इथले लोक परतीच्या वाटेवर हौदात फाळक्याजवळ वाळूच्या गोण्या टाकतात. बांधून टाकायच्या, नाहीतर उतारावर पुढे येऊन केबिनला आदळतात.

पण काही पाडे असे आहेत की जिथे हे सगळं करूनही पावसाळ्यात गाडी जात नाही. तिथे फोर व्हील लागतंच, आणि खरं तर फोर व्हीलपेक्षा लो गिअर लागतो. दगडावरून गाडी मुंगीच्या चालीने चढली पाहिजे. टू-व्हीलचा पहिला गिअर त्यासाठी वेगवान पडतो. क्लच अर्धा दाबून चढावं लागतं आणि मग क्लचप्लेट जळल्याचा वास केबिनमध्ये येतो.

धुळेकर_१८

अक्राणीकर भाऊ, चांदसैलीत पावसाळ्यात दरड येते तेव्हा फोर व्हीलवालेही आमच्यासारखेच रांगेत उभे असतात, हे पण लिहा. तिथे चहावाला सगळ्यांना समान वागणूक देतो.

अक्राणीकर

खरंय. तिथे जेसीबीच आपला देव.

ऑफरोड_अमळनेर_पुणे

मूळचा अमळनेरचा, आता पुण्यात. इथल्या मंडळींबरोबर ऑफरोडला जातो. लो गिअरबद्दल अक्राणीकरांशी शंभर टक्के सहमत. ट्रान्सफर केसच्या लो मध्ये साधारण अडीच पट गुणाकार होतो. म्हणजे वेग अडीच पट कमी आणि चाकावर येणारा जोर अडीच पट जास्त. जोड केलेल्या गाडीत याची दुसरी बाजूही असते: क्रॉस, हाफ शाफ्ट, पिनियन हे सगळं अडीच पट जास्त ताण घेणार आहे आणि ते मूळच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप-जीपमध्ये पार्ट-टाइम फोर व्हील असतं, मधे डिफ नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या गोलातून जातात. चिखलात चाक घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरीवर घसरता येत नाही, सगळी ओढाताण ट्रान्सफर केसवर येते. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणावर अडखळल्यासारखी करते आणि नंतर फोर व्हीलचा दांडा निघतच नाही. निघाला नाही तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या, सुटतो. डांबरी लागली की फोर व्हील काढायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

गोमाईकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

लेथ भाऊ, आज गाडी रॅम्पवर घेतली. पुढे कमानी आहेत आणि बीम. बीम सरळ नाही, मधोमध खाली झुकलेला आहे आणि इंजिनचं चेंबर (खालचं तेलाचं भांडं) बरोबर त्या झोळात उतरलंय. चेंबर आणि बीम यांच्यात माझ्या चार बोटांएवढी जागा आहे. मागचं डिफ मध्यावर आहे. खडूवाला प्रयोगही केला. प्रॉपलर चारच्या थोडा पुढे येतोय.

लेथ_भुसावळ

झालं, इथेच खरी अडचण आहे. तो झोळ चेंबरसाठीच ठेवलेला असतो. फोर व्हीलचा पुढचा ॲक्सल म्हणजे आडवी सरळ नळी आणि तिच्यात डिफचा गोळा. तिला झोळ देता येत नाही, आत शाफ्ट फिरतोय. म्हणजे ती नळी चेंबरच्या खाली आली पाहिजे आणि खड्ड्यात कमान दबली की वर चेंबरला लागता कामा नये. यासाठी एक तर गाडी पुढून चांगली उचलावी लागेल, नाहीतर चेंबर कापून वेगळ्या आकाराचं करावं लागेल, आणि त्याबरोबर आतला ऑइल पंपाचा गाळणाही.

गाडी उचलली की स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात, ब्रेकच्या नळ्या कमी पडतात, आणि भरलेल्या पिकअपचा भार वर जातो. घाटात वळणावर भार वर गेलेली गाडी मला स्वतःला नको वाटते. पुढच्या चाकाचा हब, ब्रेक डिस्क, चाकाच्या बोल्टांचं अंतर आणि दोन चाकांमधली रुंदी हे जुळवणं अजून बाकीच आहे.

माझं प्रामाणिक मत: त्याच मॉडेलची कारखान्यातून आलेली फोर व्हील आवृत्ती असेल, तरच तिचा माल बोल्टाला बोल्ट बसतो. दुसऱ्या गाडीचा माल आणून केलेल्या जोडणीत मिस्त्रीचं घर चालतं, गाडीवाल्याचं चालत नाही. मीच काम घेणारा आहे, तरी हे लिहितोय.

वाघूरचा_वाघ

लेथ दादा, मान्य. माझ्या डोक्यात जुन्या जीपा होत्या. त्यांत टू-व्हील आणि फोर व्हीलची चेसीस जवळजवळ सारखी, भोकं पाडलेली. पिकअपचं प्रकरण वेगळं दिसतंय. पण हौस म्हणून जुनी जीप नीट उभी करणाऱ्यांच्या मागे कायद्याने लागू नये, या मतावर मी ठाम आहे.

कागदपत्र_पक्के

वाघूर भाऊ, जुन्या जीपच्या प्रेमात मीही आहे. स्पर्धेसाठी बनवलेल्या गाड्या लोक ट्रेलरवर चढवून नेतात, त्याचं कारण हेच. सार्वजनिक रस्त्यावर तिचं चाक लावायचं नाही. धागाकर्त्याला मात्र रोज घाट चढायचा आहे.

यावल_रान

तांत्रिक चर्चेत थोडं वेगळं लिहितो, पण ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सातपुड्यात "शिरायचं" म्हणजे नेमकं कुठे? यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य इथे परवानगीशिवाय गाडी नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. राखीव वनातही वाटेल तिथे गाडी घालता येत नाही. आणि नदीपात्र मोकळं दिसतं म्हणून तिथे फोर व्हीलचा खेळ करणाऱ्यांना एक विनंती. उन्हाळ्यात टिटवी उघड्या गोट्यांवर अंडी घालते. घरटं असं काही नसतं. चार ठिपकेदार अंडी, गोट्यांच्याच रंगाची. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत, मग गाडीतून कुठली दिसणार. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल तर थांबा आणि आल्या वाटेने मागे फिरा.

गोमाईकाठ

यावल_रान दादा, पूर्ण सहमत. माझ्या डोक्यात पाड्यांचे कच्चे रस्ते आणि तोरणमाळच्या आजूबाजूच्या गाडीवाटाच आहेत. जिथे माणसं राहतात आणि गाड्या जातात तिथेच जायचंय.

धुळेकर_१८

तोरणमाळला सात पायरी घाटाने डांबरीवरून पण जाता येतं हो. यशवंत तलावाकाठी बसून भजी खाल्ली की टू-व्हील काय नि फोर व्हील काय.

केळीचा_घड

मूळ मुद्दा राहतोय तो मी मांडतो. पाड्यावर, शेतात गाडी जात नाही हा गाडीचा दोष नाही. रस्ता नाही. शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री योजना आहे, त्यात मुरूम टाकून घेता येतो. आमच्या शिवारात बांधावरून भावकी भांडत होती, तहसीलदारांसमोर बसून मिटवली आणि रस्ता झाला. आता त्या रस्त्याने भर पावसात टू-व्हील पिकअप बागेच्या तोंडाशी येते.

अक्राणीकर

केळीचा घड दादा, सपाटीवर ठीक आहे. आमच्याकडे डोंगर उतारावर मुरूम टाकला तर पहिल्या मोठ्या पावसात तो खालच्या नाल्यात जातो. इथे मोऱ्या आणि काँक्रीट लागतं. मागणी करतोच आहोत, पण तोवर आजारी माणूस खाली आणायचा असतो. वाट न बघता चालणारी गाडी आम्हाला हवीच.

तापीची_लेक

दोघांचंही बरोबर. उतारावर पाणी आडवं काढलं नाही तर कुठलाच कच्चा रस्ता टिकत नाही. वरच्या अंगाला चर खणून पाणी ठरावीक ठिकाणी सोडलं तर मुरूमही बराच तग धरतो.

ऑफरोड_अमळनेर_पुणे

गोमाईकाठ भाऊ, जोडणी जमत नाही म्हणून निराश होऊ नका. टू-व्हीलमध्येच बरंच करता येतं.

साध्या डिफमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर जातो. एक चाक चिखलात घसरलं की त्याला फिरायला जेवढा थोडा जोर लागतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो, मग ते घट्ट जमिनीवर का असेना. यावर उपाय लॉकिंग डिफ. ईटनचा मेकॅनिकल लॉकर २०१५ च्या थारमध्ये आला होता. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप लॉक होतो. तुमच्या मॉडेलला कंपनीकडून असा काही पर्याय आहे का ते आधी विचारा. बाहेरून काही बसवायचं तर वरचा कायद्याचा मुद्दा तिथेही येतोच.

तोवर टायर. मंजूर साइझमध्येच पण खोल, मोकळ्या खाचांचे मागच्या चाकांना लावा. साइझ वाढवू नका. वेगाचा काटा चुकतो आणि गाडीचा पहिला गिअर अजून वेगवान होतो, म्हणजे तुमची अडचण वाढते. रिकाम्या गाडीत, मऊ जमिनीवर, हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. मात्र वेग अगदी कमी ठेवायचा आणि डांबरी लागायच्या आत हवा भरायची, म्हणून बारा व्होल्टचा पंप सोबत हवा. माल भरलेला असताना हवा उतरवायची नाही, टायर रिमवरून निघतो.

आणि ओढून काढताना दोर चेसीसच्या हुकालाच. बंपरला नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला तर मुळीच नाही. तारेचा दोर असेल तर मधोमध ओलं गोणपाट टाका आणि दोराच्या रेषेत पोरंटोरं उभी राहू देऊ नका. तार तुटली तर ती माणूस बघत नाही.

अहिराणी_कट्टा

सगळा उपाय करीसन बी फसनी तर ट्रॅक्टर लई ये, भो.

केळीचा_घड

कट्टा भाऊ, शेवटी आमच्यावरच आलात!

गोमाईकाठ भाऊ, एक खबर देतो. सावद्याकडे ओळखीच्या एकाची कारखान्यातूनच फोर व्हील आलेली कॅम्पर विकायला आहे. हौद तुमच्यापेक्षा लहान पडेल, पण केबिन डबल आहे. कागदपत्रं नीट आहेत असं तो म्हणतो. तुमची गाडी देऊन वरचा फरक टाकला तर जोडणीच्या खर्चाएवढंच जाईल बहुतेक.

कागदपत्र_पक्के

आरसीवरचं मॉडेलचं नाव फोर व्हील आवृत्तीचंच आहे का ते बघा. चेसीस नंबर गाडीवर कोरलेला आणि आरसीवरचा अंकाला अंक जुळवा. फिटनेस कधीपर्यंत आहे तेही. आधीच कोणी जोड केलेली गाडी असेल तर तोच त्रास तुमच्या गळ्यात.

गोमाईकाठ

केळीचा घड दादा, बघायला नक्की येतो. विकायचं मनात नव्हतं, पण लेथ भाऊंनी चेंबरचं सांगितल्यापासून जोडणीचा विचार सोडलाय. टायर मात्र लगेच बदलतोय, गाडी कोणतीही राहो. वापरलेली फोर व्हील घेताना काय काय बघायचं?

लेथ_भुसावळ

बऱ्याच गाड्यांचं फोर व्हील वर्षानुवर्षं टाकलेलंच नसतं. दांडा गंजून बसतो. म्हणून आधी मोकळ्या मातीच्या जागेत न्या, डांबरीवर नको. टू-व्हील, फोर हाय, फोर लो तिन्हीत टाकून बघा. लो मध्ये गाडी उभी करूनच टाकायचं.

फोर व्हील टाकल्यावर पुढचं एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद. उचललेलं चाक हाताने फिरत असेल तर फोर व्हील लागतच नाहीये. हब किंवा आतला काटा बिघडलाय. पुढच्या चाकाजवळच्या रबरी बुटाला चीर पडून ग्रीस उडालं असेल तर तो जॉइंट गेला म्हणून धरा. मग पुढच्या डिफचा प्लग खोलून बोटाने तेल बघा. दुधी झालं असेल तर आत पाणी शिरलंय, नाल्यातून पळवलेली गाडी आहे. तेलात चमकी आली तर सरळ नाही म्हणा.

शेवटी चारही टायर एकाच साइझचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते बघा. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असतील तर गोलाईत फरक पडतो, आणि गुणोत्तराचं जे वर लिहिलं तेच होतं.

सावदा माझ्याकडून लांब नाही. रविवारी दुपारनंतर शेड बंद असते. केळीचा घड भाऊ, गाडीवाल्याला प्लगचा पाना तयार ठेवायला सांगा, मी येतो.

केळीचा_घड

सांगतो. जेवायला आमच्याकडेच या दोघं. भरीत-भाकरी आहे.